ऐकलेले वेगळे, पाहिलेले वेगळे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला दहाच मिनिटे दिली आहेत, तेव्हा घरच्याच गोष्टीपासून सुरुवात करतो. आमच्या जुन्या वहीत एक ओळ आहे : 'आजोबा 1931 साली गिरणीत लागले.' अक्षर आमचेच. पण हे आम्हाला सांगितले कोणी? आत्या म्हणायच्या, "छे रे, तेव्हा ते गावीच तराळकी करीत होते." आज आत्याही नाहीत. ती ओळ ठेवताही येत नाही अन् खोडताही येत नाही. माहिती लिहिली, पण सांगणाऱ्याचे नाव लिहिले नाही, ही चूक आमची.

आपल्या वाडवडिलांनी स्वतः लिहून ठेवायचे तरी कसे? अक्षरच हाती येऊ दिले नव्हते. त्यांच्याविषयी लिहिले ते दुसऱ्यांनी, आपापल्या कामापुरते. तेच आता शोधायचे. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, पलटणीत कोणी असेल तर त्याचे डिस्चार्ज बुक. महार वतने 1958 च्या कायद्याने गेली, पण वतनाच्या कागदांत नावे राहिली. जुनी नोंद मोडीत असेल, नावापुढे 'नाक' असेल आणि आडनाव मुळीच नसेल. घाबरू नका, तो आपलाच माणूस असू शकतो.

हा नुसता हौसेचा विषय नाही. केंद्राने 1990 साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या, पण दाखला काढताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. पणजोबांच्या कागदावर एक आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे, मग पोरीने कॉलेजची फी भरायची की तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या?

म्हणून प्रत्येक माणसाला वहीत एक पान द्या. माहितीसमोर लिहा : कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, कागद असेल तर कोणत्या कचेरीतला, कितवे पान. ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले वेगळे ठेवा. मोबाईलवर फोटो काढला तरी कागद कोणाच्या घरचा, ते वहीत टिपा. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षरे खाते.

दोन नोंदी जुळल्या नाहीत तर? आमच्या काकांची शाळेतली जन्मतारीख 1 जून 1955. (निम्म्या वस्तीची 1 जूनच आहे, गुरुजींची कृपा!) पण आजी म्हणायची, "नागपूरला दीक्षा झाली तवा ह्यो माझ्या पोटात व्हता." दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. मग कागद खरा की आजी? आम्हाला विचाराल तर आजी. तरीपण वहीत दोन्ही लिहिले आहे, आजीचे शब्द तिच्याच बोलीत.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात कोऱ्या वह्या घेऊन बसणार आहोत. घरातले कागद घेऊन या. कागद नसेल तर आजीला घेऊन या. जयभीम!