हळदीच्या कंदात पोहणारा शत्रू

पाऊस जास्त दिवस रेंगाळला की हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत तालुक्यात, हळद उत्पादकांची नजर पानांवर खिळते. पानं कडेनं पिवळी पडू लागली की शंका येते. खोड हलकेच ओढलं तर सहज हातात येतं. कंद दाबला तर मऊ लागतो आणि घाण वासाचं पाणी सुटतं. हीच कंदकूज. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमत हळदीलाही तिचा धाक आहे.

या रोगामागे बहुधा पिथियम नावाचा सूक्ष्मजीव असतो. भारतात त्याचा पायाभूत अभ्यास केला एडविन बटलर यांनी. शिक्षणानं डॉक्टर असलेले हे आयरिश गृहस्थ १९०१ मध्ये भारतात आले, पुढे बिहारमधल्या पुसा इथं रमले आणि १९०७ मध्ये त्यांनी पिथियमवर सविस्तर प्रबंध लिहिला. हळदीच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या टॅफ्रिना मॅक्युलन्स या बुरशीचं नामकरणही त्यांचंच, १९११ मधलं. १९१९ मध्ये बुरशीशास्त्रज्ञ सुब्रमण्यम यांनी पिथियमच्या एका जातीला ‘बटलरी’ नाव दिलं. रोगजंतूला आपलं नाव मिळावं, हाही एक मानच म्हणायचा!

गंमत म्हणजे पिथियमला आता खरी बुरशी मानत नाहीत. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि नातं निघतं ते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. त्याचे बीजाणू चक्क पोहतात. म्हणून पाण्याचा निचरा करणारे गादीवाफे आणि निरोगी बेणं आधी. शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी त्यानंतर. कुजक्या कंदात कंदमाशीच्या अळ्याही सापडतात, तेव्हा नुसतं बुरशीनाशक ओतून भागत नाही.