डिसेंबरचा हिशेब
(मिडलंड्समधील मराठी मंडळाच्या शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



घड्याळं एक तास मागे करायला आता थोडेच दिवस उरलेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कॅराव्हॅन या महिन्यात स्टोरेजला जातील आणि ईस्टरच्या सुमारास बाहेर निघतील. मधले चार-पाच महिने गाडी एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात उभी राहणार. तिथे फाटक असतं, कुंपण असतं, बहुतेक ठिकाणी कॅमेराही असतो. नसते ती वीज. कॅम्पसाइटवर निळा सोळा अँपिअरचा सॉकेट मिळतो, तसा इथे मिळत नाही. विमा कंपनीनं अलार्म लावून ठेवायची अट घातलेली असते, ट्रॅकरची वर्षाची फी भरलेली असते, आणि या दोघांना जागं ठेवायचं काम करते एकटी बारा व्होल्टची बॅटरी. ती जानेवारीत कधीतरी बसते. गाडीकडे कुणी फिरकत नाही नेमक्या त्याच दिवसांत.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. सोलर पॅनेल विकत घेण्याआधी हिशेब मांडा, आणि तो डिसेंबरचा मांडा.

हौसेखातर कॅराव्हॅन घेऊन फिरण्याची सुरुवात याच देशात झाली. नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 साली ‘द वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि इंग्लंडातून पार इन्व्हर्नेसपर्यंत नेली. बरोबर गाडीवान होता, नोकर होता आणि एक दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा होता. पहाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटत होता. आपला पहारेकरी विजेवर जगतो, म्हणून त्याला दिवसाला किती लागतं हे आधी कळायला हवं.

बहुतेक अलार्म लावून ठेवलेल्या अवस्थेत पंधरा ते तीस मिलिअँपिअर घेतात. ट्रॅकर थोडं घेतो. पण गाडीत न बोलता खाणारे आणखी असतात: रेडिओची मेमरी, कंट्रोल पॅनेलचा डिस्प्ले, गॅस डिटेक्टर आणि टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर. हा बूस्टर माझ्या मते सगळ्यात मोठा चोर. कपाटात, टीव्हीच्या सॉकेटशेजारी एक बारीक हिरवा दिवा जळत असतो आणि कॅराव्हॅन घेऊन वर्षं झाली तरी घरातल्या कुणाला तो दिसलेला नसतो.

हे सगळं मिळून चाळीस मिलिअँपिअर धरा. चोवीस तासांनी गुणलं की दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास होतो. तुमची बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे असतात. त्याखाली गेलं की शिशाच्या प्लेट लवकर खराब होतात. म्हणजे पन्नास दिवस. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेली गाडी नाताळ यायच्या आत संपली, आणि बॅटरी आपल्या आपण महिन्याला दोन-तीन टक्के उतरते ते यात धरलेलंही नाही.

तुमच्या गाडीचा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, स्वतः मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. आधी अलार्म सर्व्हिस मोडमध्ये टाका, नाहीतर वायर काढताक्षणी सायरन स्वतःच्या आतल्या छोट्या बॅटरीवर ओरडायला लागेल. मोटर मूव्हर असेल तर त्याची चावी बंद करून काढून घ्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मीटर दहा अँपिअरच्या खुणेवर ठेवा आणि त्याची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलला, दुसरी सोडवलेल्या वायरला लावा. आता अलार्म लावा आणि दहा मिनिटं थांबा. सुरुवातीला आकडा बराच मोठा दिसतो, कारण अलार्म आपले सेन्सर तपासत असतो. मग तो उतरत उतरत एका जागी स्थिरावतो. तो तुमचा खरा आकडा. मीटर जोडलेला असताना पाण्याचा पंप चुकूनही चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आता घरच्या माणसाला आत पाठवून एकेक गोष्ट बंद करायला सांगा आणि आकडा बघत राहा. साठावरून पंचवीसवर आलेला आकडा डोळ्यांनी बघितला की पॅनेलच्या जाहिराती वेगळ्या वाटायला लागतात. पस्तीस मिलिअँपिअर फुकट वाचले, आणि पॅनेल अजून घेतलेलंच नाही.

बॅटरी बसू देण्यात काय बिघडतं, वसंतात पुन्हा चार्जिंगला लावू, असं पुष्कळजण म्हणतात. शिसं-आम्लाची बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसानं 1859 साली केली. तेव्हापासून तिचं रसायन तेच आहे आणि दुखणंही तेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ताजं असताना ते चार्जिंगनं विरघळतं. महिनोन्महिने तसंच पडून राहिलं तर पाकात साखरेचे खडे धरावेत तसं ते घट्ट होतं आणि मग कुठल्याही चार्जरला दाद देत नाही. बॅटरी बारा व्होल्ट दाखवते, पण तिच्यात साठवायला जागा उरलेली नसते. शिवाय थंडी. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल इथल्या कुठल्याही हिवाळ्यात गोठत नाही, पण पुरती रिकामी झालेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठू शकते आणि तिचं कवच तडकतं.

म्हणून व्होल्टेजवर नजर हवी. काही तास स्वस्थ असलेली बॅटरी 12.7 दाखवत असेल तर ती भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. अर्ध्यावर आली की चार्जिंग, पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं नाही.

आता सूर्याकडे येऊ. गावाकडे रानडुकरांपासून पीक राखायला शेताला झटका मशीन लावतात, ते तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे. तिथेही बारा व्होल्टची बॅटरी असते, छोटं पॅनेल असतं आणि पहाराही रात्रभर चालतो. काम अगदी आपल्यासारखंच. म्हणून भाऊ फोनवर म्हणतो, वीस वॅटचं पॅनेल पुरे की! त्याच्याकडे ते पुरतं. पुण्यात 21 डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंश वर असतो. लेस्टरला त्याच दिवशी तो चौदा अंशांवर असतो, शेजारच्या गाडीच्या छपराला टेकल्यासारखा, आणि दिवस पुरता आठ तासांचाही नसतो. वरून ढग.

छपरावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलला इथे डिसेंबरात जूनच्या दहाव्या हिश्शाइतकं ऊन मिळतं. शंभर वॅटचं पॅनेल सरासरीनं दिवसाला पस्तीसेक वॅट-तास बॅटरीत पोचवतं, म्हणजे तीनच्या आत अँपिअर-तास. वीस वॅटचं पॅनेल अर्धा अँपिअर-तास देतं. तुमचा खर्च एक आहे. अर्धा मिळवून एक खर्च करणाऱ्याचं काय होतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. डॅशबोर्डवर ठेवायची पाच वॅटची पट्टी मिळते, तिच्यावर तर पैसे घालवूच नका.

चाळीस मिलिअँपिअरच्या गाडीला माझा सल्ला शंभर वॅटचा आहे. सरासरीच्या खाली गेलेला एखादा मळभाचा आठवडा त्यात सहज निभतो. बूस्टर वगैरे बंद करून खर्च पंचवीसवर आणला असेल तर साठ वॅटमध्येही भागतं. पॅनेल आडवंच असेल तर त्याच्यावर हिरवा थर धरतो. गाडी स्टोरेजला नेण्याआधी तो पुसून काढा. आणि कृपा करून छपरावर पॅनेल असताना गाडीवर पूर्ण कव्हर घालू नका. दरवर्षी कुणीतरी घालतंच.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून चांगलं तिरकं उभं केलं तर डिसेंबरात आडव्याच्या जवळजवळ दुप्पट देतं. पण उघड्या आवारात सुटं पॅनेल ठेवलं तर तेच आधी चोरीला जाईल. त्यावर एक उपाय आहे: स्टोरेजच्या मालकाला विनंती करून गाडीची पुढची मोठी खिडकी दक्षिणेकडे करून घ्या आणि पॅनेल आतून तिला टेकवून ठेवा. काळसर अ‍ॅक्रिलिक बराच उजेड खातं, म्हणून थोडं मोठं पॅनेल घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बारा व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल मोकळं असताना एकवीस-बावीस व्होल्ट देतं. कंट्रोलर नसेल तर उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडून जाईल. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. वायरला बॅटरीजवळ फ्यूज. आणि घेताना कंट्रोलर स्वतः किती खातो ते कागदावर वाचा. दहा मिलिअँपिअर खाणारा कंट्रोलर वीस वॅटच्या पॅनेलची डिसेंबरातली निम्मी कमाई एकटा गिळतो.

महिन्यातून एकदा जाऊन मोटर जोडायची आणि वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, ही पद्धत सोडून द्या. लांबलचक बारीक वायरीतून येणारं ते चार्जिंग इतक्या वेळात बॅटरीला जेमतेम जागं करतं. छोट्या पवनचक्कीची मी शिफारस करत नाही. आवारात वारा अडतो आणि शेजारी तक्रार करतात.

राहिले ते गोठ्यासारख्या बंदिस्त शेडमध्ये गाडी ठेवणारे. तिथे पॅनेलचा उपयोग नाही. दोन बॅटऱ्या घ्या. एक गाडीत, दुसरी घरी गॅरेजमध्ये चार्जरवर, आणि दर चार-पाच आठवड्यांनी अदलाबदल. एकेक बॅटरी वीस-पंचवीस किलोची असते, तेव्हा कंबर सांभाळून आणि जमल्यास दोघांनी. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, म्हणून गॅरेजची खिडकी किलकिली ठेवा.

दुसरा रस्ता लिथियमचा. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते. खर्च पंचवीस मिलिअँपिअरवर आणलात तर दिवसाला 0.6 अँपिअर-तास लागतात आणि नोव्हेंबर ते मार्च मिळून नव्वदच्या आसपास होतात. म्हणजे भरून ठेवलेली बॅटरी कुठल्याही पॅनेलशिवाय सारा हिवाळा काढू शकते, अगदी काठावर का होईना. फेब्रुवारीत एकदा जाऊन बघा. शून्याखालच्या थंडीत ती वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही, प्लेटा कायमच्या बिघडतात. बंद शेडमध्ये चार्जिंगच नसल्यामुळे तो धोका आपोआप टळतो. एवढंच बघा की गाडीतल्या चार्जरला लिथियमचं सेटिंग आहे, कारण एप्रिलमध्ये पहिल्या कॅम्पसाइटवर निळी केबल लावाल तेव्हा तिला तोच चार्जर भरणार आहे.

मीटर मी बरोबर आणला आहे. ज्यांना वापरून बघायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी पुढे यावं.