कुलवृत्तांताची फाईल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘जुन्या कॉम्प्युटरचं काय करावं?’ कारण तुम्हाला माहीतच आहे. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आपल्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी तीन दिवस एकच प्रश्न फिरत होता, भंगारात द्यायचा का? तू सॉफ्टवेअरवाली, तूच सांग. सांगते. पण ते सांगताना एक बुडालेलं गाव आणि अमेरिकेतल्या माझ्या शेजारच्या एक आजी मध्ये येणार आहेत. ‘विषयाला धरून लिही’ हा शेरा माझ्या निबंधाच्या वहीत दर महिन्याला असायचा. बाई समोर बसल्यात, त्या साक्षीला आहेत.

आपल्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते? बाहेर चपला काढून रांगेत उभं राहायचं. आत प्रत्येक कॉम्प्युटरवर शिवून घेतलेलं कापडी आवरण. एका कॉम्प्युटरवर चौघं, आठवड्याला एक तास, म्हणजे कीबोर्डला हात लागायचा तो महिन्यातून एकदा. तेव्हापासून डोक्यात बसलं, की कॉम्प्युटर म्हणजे परवानगीशिवाय हात न लावायची वस्तू. आमच्या घरी तर अजूनही तसंच आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात लिपिक-टंकलेखक होते. 2008 साली मी त्यांना असेंबल केलेला कॉम्प्युटर घेऊन दिला. पेंटियम ड्युअल कोअर, 1 जीबी रॅम, विंडोज एक्सपी. आईनं त्याला आवरण शिवलं. पहिली चार-पाच वर्षं बाबा त्यावर फक्त पत्ते खेळले.

2012 ते 2015 या काळात कामानिमित्त आम्ही युटाह राज्यात होतो, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय नावाच्या गावात. तो सगळा मुलूख मॉर्मन लोकांचा. (चर्चचं पूर्ण नाव घ्यावं असा त्यांचा 2018 पासून आग्रह आहे, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. दर वेळी एवढं म्हटलं तर जेवण थंड होईल, म्हणून मॉर्मनच म्हणते.) शेजारी सत्तरीच्या एक आजी राहायच्या. पहिल्याच दिवशी त्या घरी केलेला ब्रेड घेऊन आल्या, आणि मी आपल्या पद्धतीनं चहा टाकला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांच्यात चालत नाही, हे मला कुठं माहीत! त्या अवघडल्या, मी त्याहून. शेवटी नुसत्या गवती चहाचा काढा करून दिला. ‘यात चहाची पत्ती नाही ना?’ असं दोनदा विचारून त्या तो प्यायल्या, आणि पुढं तीन वर्षं आमच्याकडे तोच मागायच्या.

त्यांचं रोजचं जगणं मला हळूहळू कळत गेलं. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवलेली. त्या दिवशी मुलं, नातवंडं जमायची, थोडी प्रार्थना, थोडे खेळ, मग काहीतरी गोड. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी चर्चमध्ये. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, तो वेगळाच. तळघरात गहू, तांदूळ, डाळीचे डबे भरून ठेवलेले, अडीअडचणीसाठी. ते बघून मला माझ्या आजीची कणगी आठवली. एक नातू दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला गेला होता. तेव्हाच्या नियमानं तो घरी फोन करायचा वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल. आजी ती छापून फाईलला लावून ठेवायच्या.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्या कॉम्प्युटरवर बसत. मी गेले त्या उन्हाळ्यात अमेरिकेची 1940 सालची जनगणना 72 वर्षांनी खुली झाली होती, आणि गावोगावचे स्वयंसेवक त्या हस्तलिखित पानांवरची नावं वाचून टाईप करत होते. पैसे नाहीत, काही नाही. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांच्या चर्चनं वंशावळींच्या लाखो मायक्रोफिल्म जपून ठेवल्यात. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतीसुद्धा त्यांच्या संग्रहात आहेत. एकदा आजींनी मला विचारलं, ‘तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय?’

मला सांगता आलं नाही. आजोबांचे आजोबा माहीत होते. ज्या आजीच्या मांडीवर वाढले तिचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. लग्नात नाव बदललं आणि पहिलं कुणी लिहूनच ठेवलं नाही. मी रात्री बाबांना फोन लावला. त्यांनी नाव सांगितलं, आणि दोन मिनिटं गप्प राहून म्हणाले, ‘हे लिहून काढायला पाहिजे गं.’

आमचं गाव पैठण तालुक्यातलं, जायकवाडीत बुडालेलं. 1976 साली धरणाचं उद्घाटन झालं, तोवर आमचं भावकीचं एकेक घर कुठं कुठं विखुरलं होतं. त्या कागदांपैकी काही कागद बाबांनी स्वतः टाईप केलेत; ते त्याच खात्यात नोकरीला होते. याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. तर 2013 पासून त्यांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला. आजोबांची वही होतीच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे जाऊन आमच्या गावची नामावळ उतरवून आणली. नगरला, जालन्याला, पुण्याला, जिथं जिथं भावकी गेली तिथं एसटीनं गेले. आणि लेकींची, सुनांची नावं घातली, माहेरची आणि सासरची दोन्ही. तसल्या पुस्तकात ती बहुतेक नसतातच.

2019च्या सुमारास कॉम्प्युटर रडायला लागला. बाबांनी आवरण घातलं ते घातलंच. आम्हाला वाटलं, काम झालं असेल. मागच्या वर्षापासून बाबा विसरायला लागलेत. फार नाही, पण माणसांची नावं जातात. मग या मे महिन्यात आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ते सगळं त्या डब्यात आहे. कागदावर एक पानसुद्धा काढलेलं नाही.’

आता विषयावर येते. जुना कॉम्प्युटर हाती आला की पहिली गोष्ट म्हणजे आतल्या डेटाची प्रत. नवं काही टाकायचं ते त्यानंतर. बाबांची हार्ड डिस्क टकटक आवाज करत होती, म्हणजे तिचे दिवस भरले होते. मी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू केला. याला लाइव्ह चालवणं म्हणतात, यात डिस्कला धक्का लागत नाही. मग डीडीरेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं साधन लावलं. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब भागाकडे पुन्हा पुन्हा येतं. रात्रभर चाललं. पहाटे बघितलं तर बाबांचा फोल्डर शाबूत होता. मग जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम 4 जीबी केली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला. तो मेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की निम्म्या वेबसाइट उघडत नाहीत. लोक उगाच इंटरनेटला शिव्या देतात. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. सतरा वर्षांचा कॉम्प्युटर आता ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ, सगळं चालवतो. थोडा दम लागतो, पण चालवतो.

सगळ्यांनी हे करा असं मी म्हणत नाही. दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, टेंडर भरायला सहीचा डोंगल लागत असेल, तर आधी चौकशी करा. काही प्रिंटर लिनक्सवर छापतात पण स्कॅन करत नाहीत. नुसतं नेट, मेल, पत्रं, फोटो एवढंच असेल तर मात्र भंगारवाल्याला हाक मारू नका.

फोल्डर उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला. पानंच्या पानं कंस, टक्के, अवतरणचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. बाबांनी डीटीपीवाल्यांकडचा जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता. त्यात मराठी अक्षर हे मुळात मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं मराठी चित्र असतं. फॉन्ट गेला की अर्थ गेला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण ते बाबांना कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणजे मी. इंजिनिअर लेक घरात असताना.

रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायला एक शनिवार-रविवार लागला. चित्राला अक्षर जोडणं सोपं, पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळं पहिल्या खेपेला आमच्या घराण्यातल्या प्रत्येक विठोबाची वेलांटी सुटून पुढं पळाली, आणि सूर्याजीचे झाले सूयार्जी. ते दुरुस्त केलं तरी जोडाक्षरं राहिलीच. ती कुणीतरी एकेक ओळ वाचूनच सुधारायची होती. वाचणार कोण? बाबाच.

एक आडवळण. त्याच युटाहमध्ये 1994 साली कॅल्डेरा नावाची लिनक्सची कंपनी निघाली. पुढं तिचं नाव एससीओ झालं आणि 2003 साली तिनं आयबीएमवर दावा ठोकला, की लिनक्समध्ये आमच्या मालकीचा माल घातलाय. त्या मालकीवर नोवेल या तिथल्याच दुसऱ्या कंपनीनं हक्क सांगितला. दावा मिटायला 2021 उजाडलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे भाऊबंदकीच की. सातबारा कुणाच्या नावावर होता?’

तर वाचून दुरुस्त झालेला मजकूर मी ग्रॅम्प्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. ते वंशावळीसाठीच आहे. त्यातून फाईल बाहेर काढता येते ती जेडकॉम नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात. प्रत्येक ओळीला आधी एक आकडा, मग जन्म, लग्न, मृत्यू अशी छोटी खूण. कुठल्याही कॉम्प्युटरवर ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. हे रूप ठरवलं कुणी, तर 1984 साली आजींच्या त्याच चर्चनं.

आजींशी ईमेल अजून आहे. त्यांना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे सगळं आमच्या जागतिक वृक्षात घालशील का? इथं मी अडले. त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांच्या नावानं जिवंत माणूस देवळात पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा करतो. कुटुंब मेल्यावरही एकत्र राहावं ही त्यामागची श्रद्धा. नियमानं प्रत्येकानं आपल्याच पूर्वजांची नावं द्यायची असतात. पण तो नियम पूर्वी मोडला गेलाय, ज्यूंच्या छळात मारल्या गेलेल्यांची नावं घातली म्हणून मोठा वाद झाला आणि 1995 साली चर्चला त्यांच्याशी करार करावा लागला. मी आजींना हे सरळ लिहिलं. त्यांनीही सरळ उत्तर दिलं, ‘तुझी माणसं तुझी आहेत. फाईल तुझ्याजवळ ठेव.’ बाबांचं मत निराळं. ते म्हणाले, ‘सर्वपित्रीला आपण नाही का नाव माहीत नसलेल्यांना पाणी देत? त्यांनी घातलं तर काय बिघडलं?’ मला अजून पटलेलं नाही. फाईल घरीच आहे, तीन प्रती, त्यातली एक भावाकडे पुण्याला.

या दिवाळीत आम्ही पान 41 वाचत होतो. मी वाचतेय, बाबा ऐकतायत. ‘यांना मुलगे चार’ असं वाचलं आणि बाबा म्हणाले, ‘थांब. एक मुलगी होती त्यांना. माझ्याएवढी. विहिरीवर खेळायचो आम्ही. सातवीआठवीत असताना गेली.’ वहीत नव्हती, त्र्यंबकच्या नामावळीत नव्हती, त्यांच्या स्वतःच्या फाईलमध्येही नव्हती. आदल्या दिवशी त्यांना माझ्या मुलीचं नाव आठवेना, आणि हिचं पाळण्यातलं आणि हाक मारायचं, दोन्ही नावं सांगितली. मी लिहायला लागले तर म्हणाले, ‘सरक, मी करतो.’ टंकलेखन यंत्रासारखा कळफलक मी लावून दिलाय, पण तो हिंदीचा; ळ काही सापडेना. पाच मिनिटं शोधत होते. सापडला.

वेळ संपल्याची खूण सरांनी दोनदा केलीय. ज्यांनी आपले लॅपटॉप आणलेत त्यांच्यासाठी माझ्याकडे सहा पेन ड्राइव्ह आहेत, जेवणानंतर वरच्या मजल्यावर भेटा. फोटोंची प्रत काढून आणली नसेल त्यांना मी हात लावू देणार नाही. आणि चपला काढायची गरज नाही.