घरचा टीव्ही परगावी, आणि ओटीपी कुणाच्या फोनवर?

दुपारची कामं आटोपून, कुणी धान्य निवडत, कुणी गोधडीला टाके घालत आमचं बोलणं ऐकत असाल. आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी टीव्हीबद्दल बोलणार आहोत. टीव्हीवर काय बघावं, हे सांगायला नाही आलो. घरच्या टीव्हीचं रिचार्ज आपण भरतो, पण आपण परगावी असलो तर तो टीव्ही आपल्याला बघता येतो का, ते सांगायला आलोय.

झालं असं, आमच्या गटातली एक ताई नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेली. दीड महिना दवाखान्यात काढायचा. घरी सासूबाई आणि नातू. ह्या सासू-सुना रोज संध्याकाळी मिळून मालिका बघायच्या. सून गेली आणि सासूबाईंना घर खायला उठलं. तिकडे ताईलाही दवाखान्याच्या व्हरांड्यात संध्याकाळ सरेना. मग नातवानं शक्कल काढली. टीव्हीसमोर स्टूल ठेवलं, स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकून आजीचा फोन, आणि लावला व्हिडिओ कॉल. आजी इकडे बघतेय, आई तिकडे बघतेय, आणि दोघी मिळून मालिकेतल्या सासूला नावं ठेवतायत! आम्हालाही फार कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. संध्याकाळी साडेसहापासून साडेनवापर्यंत कॉल चालू होता. आजीचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. डेटा संपला की नेट अगदी बंद पडत नाही, पण मुंगीच्या पावलानं चालतं. त्याच रात्री ताईनं दवाखान्यातल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. योजनेच्या कागदांत मूळ रेशनकार्ड कमी होतं, ते सकाळच्या एसटीनं कुणाबरोबर तरी पाठवायचं होतं. फोटो नुसता गोल गोल फिरत राहिला. तो उघडला पहाटे, तोवर गाडी निघून गेलेली. कार्ड एक दिवस उशिरा पोचलं आणि ऑपरेशनही एक दिवस पुढे गेलं. सगळं नीट झालं, पण तो एक दिवस ताईनं कसा काढला, ते तिलाच ठाऊक.

तेव्हा आम्ही ठरवलं, ही गोष्ट नीट समजून घ्यायची.

हिशेब सोपा आहे. फोनवर जेमतेम बरं दिसेल असं चित्र यायला सेकंदाला साधारण एक मेगाबिट डेटा लागतो असं धरा. म्हणजे तासाला ४५० एमबी. तीन तासांत १३५० एमबी. दीड जीबी संपलाच की! आणि घरून चित्र पाठवायचं असेल, तर डेटा दोन्हीकडे जातो. पाठवणाऱ्या फोनचाही आणि बघणाऱ्या फोनचाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या नातवाची शक्कल काही नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन नावाचे दोघे भाऊ होते. सॅन फ्रान्सिस्कोचा बेसबॉल संघ त्यांच्या आवडीचा. प्रवासात असले की सामने बघायला मिळायचे नाहीत, घरच्या केबलचे पैसे मात्र चालूच. त्यातून त्यांनी एक डबी तयार केली, स्लिंगबॉक्स. २००५ साली ती बाजारात आली. घरच्या सेट-टॉप बॉक्सला वायरीनं ती जोडायची. ती चित्र दाबून लहान करायची आणि इंटरनेटवरून मालकाच्या संगणकावर किंवा फोनवर पाठवायची. रिमोटसुद्धा फोनवरूनच चालायचा.

पण त्यातही गंमत होती. सेट-टॉप बॉक्स एकच असला तर चॅनेलही एकच. परगावी असलेल्या लेकानं क्रिकेट लावलं, की घरी आजीची मालिका गेलीच! म्हणजे रिमोट पुण्यातून हिसकावून घेतला म्हणा ना.

पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनं आपला सर्व्हर बंद केला आणि लोकांच्या घरातल्या डब्या चालेनाशा झाल्या. डबी आपली, पैसे आपले, पण किल्ली कंपनीकडे. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या घरातही असंच काहीसं आहे.

आता आपल्या कामाचं बोलू. डबा-स्टूल काही नको. डिश कंपन्यांचे आणि काही केबलवाल्यांचेही अ‍ॅप असतात. घरचं रिचार्ज चालू असेल, तर त्यातले काही चॅनेल अ‍ॅपवर दिसू शकतात. सगळे दिसतीलच असं नाही, आधी विचारून घ्या. यात डेटा फक्त बघणाऱ्याचा जातो. आजीचा फोन मोकळा राहतो. दूरदर्शनचं तर सोपंच आहे. प्रसार भारतीनं २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचं अ‍ॅप काढलंय, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट बघता येतात.

पण डिश कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो. आणि इथेच आमचे डोळे उघडले. गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, तुमचं कनेक्शन कुणाच्या नंबरवर आहे? कुणी म्हणाली नवऱ्याच्या. कुणी म्हणाली दिराच्या, तो तर आता वेगळा राहतो. एकीच्या बॉक्सवर दुकानदाराचाच नंबर निघाला! अंडी विकून, शिवणकाम करून रिचार्ज भरतो आपण, आणि ओटीपी जातो भलत्याच्याच फोनवर. नंबर आपला नसेल तर पॅक बदलणं, नको असलेले चॅनेल काढणं, तक्रार करणं, सगळ्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं तीन गोष्टी लिहून आणा. बॉक्सचा ग्राहक क्रमांक, तो कुणाच्या मोबाईलला जोडलाय तो नंबर, आणि महिन्याचं रिचार्ज किती. नंबर बदलायचा असेल तर गटातून दोघी-तिघी मिळून जाऊ. घर महिनाभर बंद राहणार असेल, तर तेवढे दिवस कनेक्शन थांबवता येतं का, तेही तेव्हाच विचारू.

आणि एक सावधगिरी. ‘फुकट सगळे चॅनेल बघा’ अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर बोट लावू नका. असं अ‍ॅप फोनमध्ये शिरलं की बँकेचे मेसेजही वाचू शकतं. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, तेही कंपनीचं नाव नीट वाचून. ओटीपी फोनवर कुणाला सांगायचा नाही, मागणारा कितीही गोड बोलला तरी. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

आमची ताई आता घरी आलीय. नवरा हिंडू-फिरू लागलाय. तिनं आल्या आल्या पहिलं काम केलं, कनेक्शनवर स्वतःचा नंबर घातला. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. पण रिमोट माझ्याकडेच राहील हं!"

तेवढं तर चालायचंच. येतो आम्ही मैत्रिणींनो, पुढच्या भेटीत पुन्हा बोलू. नमस्कार.