लग्नघरची भिंत

गेल्या वैशाखांत कल्याण येथें एका विवाहसमारंभास जाण्याचा योग आला. कार्यालय प्रशस्त होतें, जेवणाचा थाट चांगला होता. परंतु माझें लक्ष खिळलें तें मांडवाच्या एका कोपऱ्याकडे. तेथें एक तरुण लाकडी तिवईवर गेरूच्या रंगाचें कापड ताणून बसला होता, आणि समोर चाललेलें लग्न पांढऱ्या रेषांनीं त्या कापडावर उतरवीत होता. अंतरपाट धरला गेला, तशी कापडावर एक आडवी पट्टी उमटली. अंतरपाट दूर झाला, तशीं पट्टीच्या दोन बाजूंस दोन त्रिकोणी माणसें उभीं राहिलीं. शेजारच्या गृहस्थांनीं मला मोठ्या कौतुकानें सांगितलें, "गुरुजी, ही अगदीं नवी चाल आहे. परदेशांतून आली आहे."

मला मनांतल्या मनांत हंसूं आलें. आमच्या शहापूर-मुरबाडच्या मुलखांत ज्यानें उभा जन्म शिक्षकी केली, त्याला लग्नांतला चित्रकार नवा कसा वाटावा? पण जवळ जाऊन पाहतों तों तो तरुण उठून माझ्या पायां पडला. तो माझा विद्यार्थी होता. आणि त्याला ओळखतांच माझें हंसूं मावळलें.

त्याचें कारण सांगतों. शहापूर तालुक्यांतील एका पाड्यावर मी शिक्षक होतों. स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पण शिस्तीचा अभिमान मोठा. हा मुलगा तेव्हां तिसरींत होता. शाळेची भिंत नुकतीच सारवून घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तिच्यावर खडूनें काढलेलीं माणसें, बैल, झाडें आणि मधोमध एक मोठा चौकोन! मीं त्याला सर्व वर्गासमक्ष ती भिंत धुवावयास लावली. तो रडला नाहीं, बोललाहि नाहीं. फडकें घेऊन एकेक माणूस पुसत गेला. आपण एका मुलाला वळण लावलें, अशा समाधानांत मी घरीं गेलों.

पुढें वर्षा-दोन वर्षांनीं त्याच घरच्या एका लग्नाचें बोलावणें आलें. लग्नघरीं गेलों तेव्हां आंतल्या काळोख्या खोलींत कांहीं सुवासिनी भिंतीशीं बसल्या होत्या. भिंत शेणानें सारवून तिला गेरू दिला होता. वाटलेल्या तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून, टोंक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनें त्या रेघ ओढीत होत्या. मध्यभागीं मोठा चौकोन, त्याच्या कडांना नक्षीच्या ओळींवर ओळी, आणि आंत पालघाट देवी. शेजारच्या लहान चौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. भोंवतीं चंद्र, सूर्य, शिडी, फणी, झाडें. या चित्राला चौक म्हणतात. चौक लिहिल्यावांचून वारली समाजांत परंपरेनें लग्न लागत नाहीं. आणि तें लग्न लावणारी धवलेरीहि स्त्रीच असते. ती गाण्यांतून विधि चालविते.

त्या सुवासिनींत मुलाची आजी होती, आणि मुलगा तिच्याजवळ पिठाची वाटी धरून बसला होता. मला पाहतांच तो दचकला. आजीनें मात्र सहज विचारलें, "गुरुजी, तुमच्या घरीं लग्नाला कोण लिहितें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. शाळेच्या भिंतीवर मुलानें काय काढलें होतें तें मला त्या क्षणीं समजलें. त्यानें भिंत घाण केली नव्हती. घरीं मंगल कार्य असलें म्हणजे जें करतात, तें त्यानें शाळेसाठीं केलें होतें.

श्रोतेहो, ही कला पुष्कळ काळ घराच्या भिंतीबाहेर पडलीच नव्हती. १९७० नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुळकर्णी कागद व रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले. त्यांस तेथें जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हशांचा जन्म १९३४ चा. लहानपणीं आई गेली आणि त्या आघातानें त्यांची वाचा बंद पडली. पुष्कळ दिवस ते मातींत चित्रें काढूनच बोलत. चौक लिहिणें हें स्त्रियांचें काम. या पुरुषानें मात्र लग्नविधीची वाट न पाहतां रोज चित्रें काढलीं. १९७६ मध्यें त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्यें जर्मनींतील ड्यूसेलडॉर्फ येथें इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांचें प्रदर्शन झालें, आणि २०११ मध्यें ते पद्मश्री झाले. २०१८ मध्यें ते निवर्तले. आज वारली तरुण चित्रावर पोट भरूं शकतात, त्या वाटेचा पहिला चालणारा हा.

परंतु लग्न आणि वारली यांचा आणखी एक संबंध होता, तो विसरून चालणार नाहीं. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढावें, आणि तें फेडण्यास नवरा-बायकोनें त्याच्या घरीं वर्षानुवर्षें राबावें, अशी रीत या मुलखांत होती. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन भरलें. त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं डहाणू-उंबरगांवचे वारली या वेठीविरुद्ध उभे राहिले, आणि ती गुलामगिरी मोडली. गोदावरीबाईंनीं ती हकीकत 'जेव्हां माणूस जागा होतो' या पुस्तकांत सांगितली आहे. ज्या चौकापुढें वर-वधू उभीं राहत, त्याच चौकापासून त्यांची वेठ सुरू होई. आज त्याच समाजाचा मुलगा दुसऱ्याच्या लग्नांतून आपली मजुरी ताठ मानेनें घेऊन घरीं जातो, हें कांहीं थोडें नव्हे.

जेवणें आटोपल्यावर मीं त्याला एकीकडे घेतलें. प्रथम आजीची विचारपूस केली. ती आतां नाहीं. मग विचारलें, "बाळा, तुझें हें काम आणि आजीचें काम एकच का रे?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "नाहीं गुरुजी. इथें मी आलों नाहीं तरी लग्न लागेल. आमच्याकडे आजीनें चौक लिहिला नसता तर लागलें नसतें. म्हणून मी ह्या कापडावर पालघाट काढीत नाहीं. माणसें काढतों, वरात काढतों, तारपा काढतों. देवी घरच्या भिंतीवरच. ती बायकांनींच लिहायची."

काय विकावें आणि काय विकूं नये, हा हिशेब मीं त्याला शिकविला नव्हता. तो त्यानें पिठाची वाटी धरून शिकला होता. मग मीं अवघडत त्या जुन्या भिंतीचा विषय काढला आणि म्हटलें, "माझी चूक झाली होती." तो हंसला. म्हणाला, "गुरुजी, धुतलेल्या भिंतीवर रेघ चांगली उठते."

हें त्याचें मोठें मन. माझी चूक तेवढ्यानें पुसत नाहीं. म्हणून आपणांपैकीं जे शिक्षक आहेत, जे आईबाप आहेत, त्यांस माझी एवढीच विनंती आहे. मुलानें भिंतीवर रेघ ओढली, तर फडकें हातीं देण्यापूर्वीं त्याला एकदां विचारावें : हें काय काढलेंस, आणि तुला हें कोणी शिकविलें? मीं तसें विचारलें असतें, तर त्या आजीची आणि माझी ओळख दोन वर्षें आधीं झाली असती.