एकेरी उजेड

रस्त्यावर एकेरी वाहतूक असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण उजेडाची? मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी ओळख बेताचीच. तरी हा प्रश्न मला सोडत नाही.

आमच्या मोहल्ल्यात खिडक्यांना चिकाचे पडदे असत. दुपारी बायका आतून सारा रस्ता पाहत, रस्त्यावरच्याला मात्र काही दिसत नसे. जादू कसली, आत अंधार आणि बाहेर ऊन, एवढेच! संध्याकाळी आत दिवा लागला की तोच पडदा फितूर व्हायचा आणि अम्मीची खिडक्या लावायची लगबग सुरू व्हायची. बाजारातली ‘वन-वे’ काचही याच जातीची. उजेड दोन्हीकडून सारखाच जातो. ज्याच्याकडे अंधार, त्याचे फावते.

खरी एकेरी वाट चुंबकाने होते. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये दाखवले, की चुंबकीय क्षेत्रातल्या काचेतून जाताना प्रकाशाच्या कंपनांची दिशा फिरते. गंमत पुढेच आहे. जाताना ती ४५ अंश फिरली, तर परतताना उलगडत नाही. त्याच अंगाला आणखी ४५ अंश फिरते. झाले ९०. दोन्ही टोकांना ठरावीक दिशेचीच कंपने सोडणाऱ्या चाळण्या लावल्या, की परतणारा प्रकाश दारातच अडतो. लेझरपुढे असे उपकरण बसवतात, कारण स्वतःचाच परतलेला प्रकाश त्याला बिघडवतो.

पण त्याला चुंबक हवा, जागा हवी. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये नव्या पदार्थाचा आराखडा मांडला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या मापात मोजायचे कोबाल्ट-सिलिकॉनचे इवलेसे दंडगोल. इतका बारीक कोबाल्ट स्वतःच चुंबक होऊन बसतो, बाहेरचा लागत नाही. यातून खरीखुरी एकेरी काच घडू शकेल, असे ते म्हणतात.

खिडकीला ती बसू नये, असे मला वाटते. चिकाआडची बाई आणि रस्त्यावरचा माणूस, दोघांनाही संध्याकाळ ठाऊक होती. या काचेआड कोणी भर दिव्याखाली बसून पाहत राहिला, तर बाहेरच्याला ते कधीच कळणार नाही. आणि अशी महागडी काच बसवणारा बहुधा मोहल्ल्यातला नसेल.

सौर पेशीचे निराळे. ती ऊन घेते, तसा थोडा उजेड उष्णतेपायी परतही टाकते. ती परतीची वाट बंद झाली, तर तेवढी वीज जास्त. तिथे ही काच खुशाल बसवावी. पेशीला कोणाकडे चोरून पाहायचे नसते.