पोरांच्या ताटात काय आहे?
(विहारातील मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. मिलमध्ये पाळीनं काम करणारा माणूस. वाचून, विचारून जे समजलं ते सांगतो.

आपल्या डहाणू-तलासरीत कुपोषण म्हटलं की अंगणवाडीतलं मूल डोळ्यांपुढं येतं. पण तेरा ते अठरा वर्षांच्या पोरांचं काय? शाळेतलं दुपारचं सरकारी जेवण आठवीपर्यंत. नववीत गेलं की बंद! आणि उंची, हाडं, रक्त वाढायचं वय नेमकं हेच.

मग पोर सकाळी चहा-बटर खाऊन निघतं, मधल्या सुटीत पाच रुपयांचं वेफरचं पाकीट, संध्याकाळी वडापाव. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. म्हणून एकाच आळीत एक मुलगी बारीक, दुसरी जाड, आणि रक्त दोघींचंही कमी असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. तेव्हा जाड म्हणजे सुदृढ, ही समजूत सोडा.

दुसरी गोष्ट लाजेची. डब्यात भाकरी-सुकट नेली तर कुणी नाक मुरडेल, म्हणून पोरं डबा नेत नाहीत. अरे, लाज कसली? शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. सुकट, वाल, शेवग्याचा पाला, अंडं, ही ताकद आहे. पाकिटात मीठ, तेल आणि हवा!

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी येतो. भरमसाठ जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही, उपास सांगितला नाही. प्रमाणात खाण्याची गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणानं ती रोज जेवताना राजाला ऐकवायची. हळूहळू राजाचं खाणं आवरलं, अंग हलकं झालं. आपण मात्र घरात पोरीला 'भोपळा', पोराला 'काडी' म्हणतो. मग पोरगी जेवण टाकते, पोरगा कसली तरी पावडर शोधतो.

माता-भगिनींनो, पोरगी शेवटी आणि उरलंसुरलं जेवते, हे थांबवा. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं. मच्छीचा तुकडा तिच्याही ताटात पहिल्यांदा पडला पाहिजे. समता ताटापासून सुरू होते! जेवणाबरोबर चहा नको, लिंबू पिळा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नका, जेवणानंतर घ्या. वजन फार कमी-जास्त वाटलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा.

मुलांनो, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. रिकाम्या पोटी अभ्यास होत नाही. उद्यापासून घरचा डबा ताठ मानेनं उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!